पाद्रीबाबांचा बाप

पिटलोन, फाइफ
मार्च १९६८

तीर्थरूप टीनी आत्याआजी,

तुमच्या गुडघ्यांना आणि कॅनडातल्या थंडीला, दोघांनाही माझा नमस्कार. त्यांचं आता तरी आपसात जुळलं असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. बाबा खाणीतून रोज बाहेर येतात, खोकला मात्र त्यांच्यातून बाहेर पडत नाही. आई त्यावर औषध देते आणि आजोबा त्यावर मत देतात. मी मात्र ठीक नाही. घरातली पहिली पदवीधर होणं काय असतं ते सांगते: परवा गटार तुंबलं, तेव्हाही "इशबेलला विचारा, ती शिकलीय" असंच ठरलं.

आपल्या शेगडीवरच्या फळीवर रेव्हरंड गॅव्हिन स्ट्रदर्स इमरी यांची तसबीर आहे ती तुम्हाला आठवत असेलच. खाणकामगारांच्या खानदानात हा एकच पाद्री, त्यामुळे त्यांची धूळ रोज पुसली जाते (आमची शनिवारी). त्यांच्या जन्माला यंदा दोनशे वर्षं होतात, म्हणून चर्चच्या भिंतीत शिळा बसवायचं ठरलं. शिळेवर "अमुक यांचे पुत्र" हवं, आणि हे अमुक कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांनी भर सभेत उठून सांगितलं की आमची इशबेल शोधेल. मला अभिमान वाटला. इतिहास काही फक्त जमीनदारांच्या मालकीचा नाही, कोळशात राबलेल्यांनाही आपली माणसं कळली पाहिजेत, असं मी मानत होते. अजूनही मानते, पण हळू आवाजात.

एडिनबरोला जाऊन चर्चच्या जुन्या वह्या वाचायला लागले. बाप्तिस्म्याच्या वहीतली नेमकी त्या सालची पानं ओलीनं गेलेली. मग मी डोकं चालवलं (आमच्याकडे त्यासाठीच मला ठेवलं आहे). पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची आपली रीत. तिच्यापायी गल्लीगल्लीत चार-चार जॉन इमरी सापडतात, पण गॅव्हिन इमरी अख्ख्या टापूत एकच: लॅथोकरचा गिरणीवाला. त्याला जॉन नावाचा मुलगा, वय अगदी जुळणारं. म्हणजे आपले पाद्रीबाबा या जॉनचे पुत्र. मी हे कळवलं आणि घरात आनंदीआनंद झाला.

एक वही मात्र मी उघडली नव्हती. चर्चचे पंच गावातल्या लफड्यांची चौकशी करायचे, तिची वही. गरिबांची लाज दोनशे वर्षांनी पुन्हा चावडीवर आणू नये, असं माझं तत्त्व होतं. तत्त्वं अशीच असतात आत्याआजी, नेमक्या वहीवर बसून राहतात.

इकडे आजोबांनी त्या गिरणीवाल्याच्या आजच्या वंशजांशी सोयरीक सुरू केली. ज्या घराला चाळीस वर्षं "तराजूत अंगठा घालणारे" म्हटलं, त्याच घरी ते आता रविवारी चहाला जातात. परवा व्हिस्कीची बाटली घेऊन गेले आणि उरलेली अर्धी परतही आणली नाही. मग पाथरवटानं शिळा कोरली: "लॅथोकरच्या जॉन इमरी यांचे पुत्र". अक्षरं सुंदर आलीत. मला बघवत नाहीत.

कारण गेल्या रविवारी आपल्या रोनाच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. गावात नवे पाद्री आले आहेत, रेव्हरंड ड्युगिड, आणि बाळाचं नाव काय, तर ड्युगिड. मी हसले. रोना चिडून म्हणाली, "हसतेस काय? नवा पाद्री आला की त्याच्या हातचं पहिलं पोर त्याच्या नावाचं. हा महिनाभर आधी जन्मला असता तर सुटला असता मेला." जुने पाद्री इथे एकतीस वर्षं राहिले, त्यामुळे ही रीत मी कधी पाहिलीच नव्हती. आपल्या पोस्टमनचं नाव जुन्या पाद्र्यांचंच कसं, हेही कधी मनात आलं नाही. केकचा घास तोंडात तसाच राहिला. मला आठवलं, आपल्या पाद्रीबाबांच्या जन्माच्याच वसंतात पिटलोनला नवे पाद्री आले होते. त्यांचं नाव गॅव्हिन स्ट्रदर्स.

मी तत्त्व गुंडाळून ती वही उघडली. त्यात एल्स्पेथ इमरी आहे, शेतावरची दूध काढणारी मोलकरीण, लग्न न झालेली. (नव्या पाद्र्यांवर संशय घेऊ नका, ते आले तेव्हा बाळ जन्मलंही होतं.) तिला तीन रविवार सगळ्या गावासमोर पश्चात्तापाच्या स्टुलावर उभं केलं आणि बापाचं नाव विचारलं. ती म्हणाली, देवाला सांगेन, तो वहीत लिहून ठेवत नाही. मग नव्या पाद्र्यांनी बाळाला बाप्तिस्मा दिला, तोच त्यांच्या हातचा पहिला, म्हणून नावही त्यांचंच. बापाची जागा कोरी आहे.

घरात हे कुणालाच सांगितलेलं नाही. कॅनडाच्या सर्व मंडळींना माझा नमस्कार सांगावा.

तुमची,
इशबेल

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठीच होतं: आजोबांना तुम्ही लिहाल का? जगात ते फक्त थोरल्या बहिणीला घाबरतात. शिळेवर एल्स्पेथचं नाव हवं.

ता. क. दुसरा. पत्र टेबलावर ठेवून मी चहा करायला गेले, तेवढ्यात आजोबांनी ते वाचलं. रागावले नाहीत. म्हणाले, "एल्स्पेथ? ती तर आम्हाला ठाऊकच होती, टीनीलासुद्धा. शिकलेली पोरगी जरा बरं काहीतरी शोधेल म्हणून तुला बसवलं." (आत्याआजी, तुम्हालासुद्धा?) मी रडले. मग ते विरघळले आणि म्हणाले, "बरं, घाल तिचं नाव. खाली एका ओळीची जागा आहे. वरचं मात्र राहू दे, चांगला दगड आहे." पाथरवटाकडे ते आत्ताच गेले. म्हणजे ज्या बापाचं नाव त्या बाईनं तीन रविवार उभं राहून सांगितलं नाही, त्याच्या जागी आता आम्ही भलत्याच जॉनचं नाव तिच्या डोक्यावर कोरून ठेवणार, आणि समारंभाला गिरणीवाले पहिल्या रांगेत बसणार. तेव्हा लिहू नका. तार करा.