शेखांचा ताप

४ रजब, हिजरी २९९. बगदाद

जाळल्या! मशिदीच्या दारात, भर बाजाराच्या वेळी. हातिम — माझा मेहुणा, पुस्तकांच्या नकला करून पोट भरतो — डोळ्यांनी बघून आला. "दादा, लोक खजूर खात बघत होते हो!" माझ्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती. देवानं अक्कल दिलीय, मग मध्ये मध्यस्थ कशाला — एवढंच तर विचारलं होतं! मी इथे बहिणीच्या कोठीत, कांद्यांच्या टोपल्यांमागे. सापडलो तर मान जाईल. जन्माचं काम जळालं आणि मला शिंकायचीही चोरी.

७ रजब

पुन्हा लिहायला बसलो. तिसऱ्या पानापुढे काही आठवत नाही. म्हातारपण मेलं!

१० रजब

एक प्रत शिल्लक आहे! आणि कुणाकडे? शेख मिसअरांकडे! जन्मभर मला पाखंडी म्हणत आलेले हे गृहस्थ माझं खंडन लिहितायत. आपली रीतच आहे — समोरच्याचं म्हणणं आधी शब्द न् शब्द उतरवायचं, मगच उत्तर. एक ओळ गाळली तरी विद्वान हसतात. म्हणजे माझं अख्खं पुस्तक शेखांच्या ग्रंथात जाणार. आणि शेखांचा ग्रंथ जाळायची कुणाची छाती आहे? त्यांचा लेखनिक आपला हातिमच. म्हणाला, "तुमची वाक्यं लाल शाईनं लिहायची असतात, दादा. पानंच्या पानं लाल झालीत." मी हसलो. किती दिवसांनी!

वैरी असावा तर असा.

१४ रजब

शेखांना ताप.

१६ रजब

ताप हटत नाही. काम चौथ्या प्रकरणावर अडलंय. आणि माझं खरं म्हणणं पाचव्यात आहे — दुआ मागून कुणाचं काही बदलत नाही, हे! हातिमला म्हटलं, ती प्रत उचलून आण. तो पांढराफटक पडला. "शेख ती उशाशी घेऊन झोपतात. घरात माणसांची रीघ. मी पकडलो गेलो तर पोरांनी काय करायचं, दादा?"

खरंय. मी तरी काय करणार? बाहेर पाऊल टाकता येत नाही. नुसत्या येरझाऱ्या. बहीण लुबना खेकसली, "बस ना एका जागी! वैऱ्याला ताप आला तर माणूस खूश होतो, तुझंच तोंड का उतरलंय?"

हकीम काय देतोय म्हणून विचारलं. जवाचं पाणी. जवाचं पाणी!

१८ रजब

लिहायला लाज वाटते. लुबना पाण्याला गेली होती. तिच्या नमाजाच्या चटईवर जाऊन बसलो. तरुणपणानंतर पहिल्यांदाच. म्हटलं, तू कुणाचं ऐकतोस यावर माझा विश्वास नाही. पण शेखांना वाचव.

मान वर केली तर लुबना दारात.

"दादा! इथे काय करतोस?"

"पाठ शेकतोय उन्हात."

चटईवर ऊन नव्हतं. ती ओढणीनं डोळे पुसत आत गेली.

२१ रजब

शेख बरे झाले! लुबना म्हणते, "ऐकलं ना त्यानं तुझं?"

ऐकलंच. तापात शेखांनी नवस केला होता — वाचलो तर ही घाण माझ्या हातानं जाळीन. पुस्तक, त्यातून उतरवलेली पानं, सगळं. आज सकाळी फेडला.