शंभर टक्के निकालाची शाळा

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुम्ही गेल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मागच्या रविवारी शाळेच्या सभागृहाला तुमचं नाव दिलं. शाळा म्हणजे आपली तीच, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांमागची सरकारी हायर सेकंडरी. तिच्या इतिहासावर तुम्ही दर वर्षी वार्षिकांकात एकच लेख लिहायचात. शीर्षक बदलायचं, मजकूर तोच. पत्र्याच्या दोन खोल्या, गळणारं छप्पर, एक तडकलेला फळा, आणि मग मुख्याध्यापक म्हणून तुमचं आगमन. तुम्ही येण्याआधी त्या पत्र्याखाली एका बाईंनी पाच वर्गांना एकटीनं शिकवलं होतं. आमच्या कॉलनीतल्या अर्ध्या आया त्यांच्याकडून लिहायला शिकल्या. तुमच्या लेखात त्यांना एक ओळ मिळायची, तीसुद्धा 'एक शिक्षिका' एवढीच. त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

त्या शाळेत आम्ही खूश होतो, हे तुम्हाला कधी कळलं नसेल. प्रयोगशाळेचं कपाट कायम कुलूपबंद, मुलींच्या बाजूच्या चार नळांपैकी एकालाच पाणी, हिंदीचे सर तिसऱ्या तासाला खुर्चीत झोपायचे. तरी मधल्या सुट्टीत भिंतीवर बसून आम्ही एकमेकींचे डबे खायचो आणि कारखान्याचा भोंगा झाला की ओरडून त्याची नक्कल करायचो. तुम्ही व्हरांड्यात आलात की ते सगळं थांबायचं. तुमच्या खोलीबाहेर तुम्ही एक पाटी रंगवून घेतली होती, दहावीच्या निकालाची. दर वर्षी तोच आकडा, शंभर टक्के. पाहुणे आले की तुम्ही त्यांना आधी पाटीसमोर उभं करायचात. बाकी शाळा दाखवली काय अन् न दाखवली काय. तुम्ही आम्हाला गणित शिकवायचात म्हणे. पहिल्या दोन बाकांना शिकवायचात. मागच्या बाकांकडे तुमची मान वळायची ती हजेरीपुरती.

मी पहिल्या बाकावर. माझे बाबा सांगलीहून या हिंदी मुलुखात बदली होऊन आलेले टेक्निशियन, तुम्ही पिढ्यान् पिढ्या ग्वाल्हेरचे मराठी. वर्गात सगळ्यांशी हिंदी, पण मला वही परत देताना तुम्ही हळूच मराठीत बोलायचात. "तू आपल्यातली आहेस, तुझ्याकडून चूक होता कामा नये." केवढी फुशारून जायचे मी! घरी येऊन आईला सांगायचे, सर आज पुन्हा मराठीत बोलले. आज त्या 'आपल्यातली'ची शिसारी येते. पन्नास पोरांच्या वर्गात एका मुलीला कानात सांगायचं की तू यांच्यातली नाहीस, आणि त्याला म्हणायचं संस्कार!

मधल्या सुट्टीत भिंतीवर माझ्या शेजारी बसायची, वर्गात मागच्या बाकावर, ती 'आपल्यातली' नव्हती. तिचे वडील गोदामात हमाली करायचे, घर नाल्यापलीकडे. कागदावर गणित मांडताना तिचा हात अडखळायचा. पण खो-खोच्या मैदानात ती अशी पळायची की मुलं भिंतीवर चढून बघायची. नववीपासून ती कप्तान. दहावीत असताना तिच्या संघानं संभागाचा, म्हणजे विभागाचा, चषक जिंकला आणि राज्य स्पर्धेसाठी तिची निवड झाली. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही तिला पुढे बोलावलंत, हार घातलात, चषक स्वतःच्या हातात धरून फोटो काढलात. "यह लड़की हमारे स्कूल का गौरव है," असं म्हणालात. त्यानंतर तीन आठवड्यांत तिमाही परीक्षेचे पेपर तपासून आले आणि गौरव गणितात नापास निघाला.

तुमच्या शंभर टक्क्यांचं गुपित तेव्हा मला कळलं. जो नापास होईलसा वाटतो त्याचं नाव बोर्डाचे फॉर्म भरायच्या आधी पटावरून काढायचं आणि त्याला प्रायव्हेट बसवायचं, म्हणजे बाहेरून. तो पास झाला काय, बुडाला काय, शाळेच्या निकालात तो नाहीच. तुम्ही मला खोलीत बोलावलंत आणि तिचा अर्ज माझ्या हातात दिलात. म्हणालात, "तिचे वडील अशिक्षित आहेत. शाळेचा शिपाई गेला तर घाबरतील. तू मैत्रीण आहेस, नीट समजावून सही घेऊन ये." स्वतः जायची छाती नव्हती तुमची. पंधरा वर्षांच्या पोरीला पाठवलंत, कारण तिच्या तोंडून ते गोड वाटेल हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मी गेले. ती घरी नव्हती, मैदानावर सरावाला गेली होती. तिच्या आईनं मला खाटेवर बसवून ताटलीत सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, दिलं, वर कांदा चिरून घातला. वडील कामावरून नुकतेच आलेले, हातपाय धुऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले. मी वर, ते खाली. अर्जाकडे बघत म्हणाले, "बिटिया, तुम पढ़ी-लिखी हो। क्या लिखा है इसमें?" अर्जात लिहिलं होतं की मी माझ्या मुलीचं नाव स्वेच्छेनं शाळेतून काढून घेत आहे. मी ते वाचून दाखवलं नाही. मी म्हटलं, "सर ने कहा है, इसी में उसका फायदा है। साल बच जाएगा।" त्यांनी विचारलं, "और खेल?" मी म्हटलं, "खेल तो चलता रहेगा, चाचा।" हे तुम्ही मला शिकवलेलं नव्हतं, मी आपल्या मनानं जोडलं. त्यांनी शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

खेळ कसा चालणार होता? राज्य स्पर्धेला शाळेच्या पटावर नाव लागतं. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली आणि संघ पहिल्याच सामन्यात हरून आला. मला तुम्ही नवी कंपास पेटी दिलीत आणि खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "शाब्बास. शाळेची लाज राखलीस." मी ती वर्षभर वापरली. बोर्डात शाळेतून पहिली आले, पाटीखाली माझं नाव सोनेरी रंगात लागलं. आणि ती? शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर, दोन बस बदलून, एकटी जाऊन पेपर देऊन आली आणि पास झाली. गणितातसुद्धा. तुमच्या पाटीला तिच्यामुळे ओरखडासुद्धा उठला नसता. जूनमध्ये ती अकरावीत प्रवेश मागायला आली तेव्हा मी तुमच्या खोलीतच होते, सत्काराच्या भाषणाची तालीम करत. तुम्ही गुणपत्रिका उघडूनही पाहिली नाहीत. "प्राइवेट वालों के लिए यहाँ जगह नहीं है," म्हणालात. ती गेल्यावर मी कसंबसं बोलले, "सर, पण ती पास झालीय." तुम्ही चष्मा काढलात. "शाळा म्हणजे धर्मशाळा नव्हे. आणि मोठ्यांच्या निर्णयात बोलायचं नसतं, आईवडिलांनी एवढंही शिकवलं नाही का?" मी सॉरी म्हटलं आणि तालीम पुढे चालू केली.

रविवारी तुमच्या मोठ्या तसबिरीसमोर समई होती. अरेरा कॉलनीच्या श्रीमंत वस्तीतले डॉक्टर, इंजिनियर, सगळे पहिल्या दोन बाकांवरचे, एकेक करून माइकवर येत होते. ऐसे गुरु अब कहाँ. ज्यांना तुम्ही वजा केलंत ते बोलायला येणार तरी कसे. त्यांना आमंत्रणच नव्हतं. तरी ती आली होती. कुणाच्या तरी फोनवर निरोप वाचून शहराबाहेरच्या मंडीदीपहून बस धरून आली होती. तिथे एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर आहे, केस पांढरे, चालणं अजून तसंच झपझप. मला बघताच तिनं मिठी मारली. मग तुमच्या तसबिरीसमोर गेली, चप्पल काढून फूल वाहिलं, हात जोडले. मी म्हटलं, "तू इनको फूल चढ़ा रही है?" ती हसली. "अरे, सर ने तो मेरा साल बचाया था। तूने ही तो बताया था पापा को। पापा आखिर तक तेरा नाम लेते थे, कि वो मराठी लड़की न आती तो लड़की फेल हो जाती।"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. शब्द तयार होते, इथे लिहिलेत तेच. पण माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं आणि मी गेले. मी तुम्हाला गुरुवर्य म्हटलं, शाळेची परंपरा म्हटलं, तुमचा तो पत्र्याच्या खोल्यांचा इतिहाससुद्धा सांगितला, अगदी तुमच्याच क्रमानं. टाळ्या पडल्या. ती तिसऱ्या रांगेत उभी राहून वाजवत होती.

हे पत्र कुठे टाकायचं? तुमचा मुलगा परदेशात आहे, आणि त्याला लिहिण्यात अर्थ नाही. ते जायला हवं खरं तर मंडीदीपला. निघताना तिनं माझा मोबाइल नंबर मागितला, म्हणाली, कभी आऊँगी तेरे घर, आराम से बैठेंगे. मी तिला शेवटचा आकडा चुकीचा सांगितला.