मी पर्मनंट झाले तेव्हा

बाबा, आज मला सुट्टी आहे. मागच्या अंगणात कपडे वाळत घातले, लगेच पाऊस आला, काढून आणले, आणि आता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्हाला लिहायला बसले आहे. काही विशेष कारण नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमची नात आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. आई गेल्यावर, दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात तुम्ही एकटेच इकडे आलात तेव्हा ती पहिलीत होती आणि आम्ही डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. जावयाचं ऑफिस चालत जाण्यासारखं, टॅला नावाच्या उपनगरातला माझा दवाखानाही जवळच. माझं काम मात्र सहा-सहा महिन्यांच्या करारावर. करार संपत आला की मला जेवण जायचं नाही. हे मी तुम्हाला फोनवर कधी सांगितलं नव्हतं, पण आल्यावर चार दिवसांत तुम्ही माझ्या ताटाकडे बघून ओळखलंत. "म्हंजे रोजंदारीवरच हायेस म्हन की," म्हणालात.

तो शब्द आपल्या घरात नुसता शब्द नव्हता. पाटबंधारे खात्यात तुम्ही किती वर्षं रोजंदारीवर काढलीत! कालव्याच्या चौकीवर मी तुमचा डबा घेऊन यायचे, तेव्हा साहेबाची जीप दिसली की तुम्ही घास तसाच ठेवून उभे राहायचात. मग मी चौथीत असताना एक दिवस तुम्ही भर दुपारी घरी येता. सायकल भिंतीला नीट टेकत नाही, धाडकन पडते, आणि तुम्ही ती उचलतही नाही. आईच्या हातात पेढ्यांचा पुडा देता आणि म्हणता, "पर्मनंट झालो. आता कोनी काढू शकत नाई आपल्याले." आई तोंडाला पदर लावून रडते. दादा आणि मी पेढे खातो. मोठ्या माणसांना मिळू शकणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच असणार, असं मला त्या दिवशी वाटलं.

म्हणून किलकेनीच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी आधी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ओट्याशी पिठलं हाटत होतात. मी ह्यांना फोनवर सांगत होते, गाव लहान आहे, डब्लिनपासून लांब आहे, तुमचं ऑफिसचं जाणंयेणं वाढेल, पण जागा पर्मनंट आहे. तेवढा एकच शब्द तुम्ही ऐकलात आणि गॅस बंद केलात. "पर्मनंट? तू?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात, पिठाच्या हातानेच. त्या संध्याकाळी तुम्ही शिरा केलात आणि वाट्या घेऊन मजल्यावरच्या प्रत्येक दारावर गेलात. एक पोलिश जोडपं, एक केरळची नर्स, समोरचे आयरिश आजोबा. नात दुभाषी म्हणून बरोबर होती. परत येऊन म्हणाली, "आजोबा टोल्ड एव्हरीवन यू वोन्ट बी सॅक्ड, मम्मा." तुम्ही हसत विचारलंत, "बरोबर सांगतलं ना मी?" ती म्हणाली, "ग्रँड, आजोबा." इथे छान, ठीक अशा सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. तेव्हापासून तो शब्द तुमचा झाला. चहा ग्रँड, हवा ग्रँड, गुडघाही ग्रँड.

घर बघायला आपण सगळे किलकेनीला गेलो तो दिवस मला अजून बारीकसारीक तपशिलांसकट दिसतो. घरमालकीण म्हातारी, शेजारच्याच घरात राहणारी. तिने दार उघडलं आणि तुम्ही थेट आत जाऊन भिंतीवर बोटाने टकटक करायला लागलात. नळ सोडून पाहिलेत, छताचे कोपरे पाहिलेत, मला म्हणालात, "इचार तिले, वरून गयते का." मी लाजत विचारलं. ती खूश झाली. म्हणाली, आजवर कुठल्याच भाडेकरूने हे विचारलं नाही. मग मागे परसात तिने आपल्याला चहा दिला आणि तुमच्याकडे बघत मला विचारलं, हेही राहणार का तुमच्याबरोबर? मी तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही कप खाली ठेवलात. "मले राह्यता येईन का इथं?"

मी चौकशी केलेली होती, बाबा. तुम्ही येण्याच्या आधीच केली होती. आम्ही उद्या इथले नागरिक झालो तरी आईबापांना कायमचं आणणं जवळजवळ अशक्य होतं. पाहुणे म्हणून यायचं, फार तर तीन महिने राहायचं आणि परत जायचं. मी तेच सांगितलं, जरा गोड करून. दर वर्षी या, उन्हाळा इथे काढा, अकोल्याच्या उकाड्यातून सुटका. तुम्ही ऐकून घेतलंत. "म्हंजे मी रोजंदारीवर," म्हणालात आणि हसलात. म्हातारीला वाटलं काहीतरी गंमत झाली, तीही हसली. मी तिला भाषांतर करून सांगितलं नाही. थोड्या वेळाने, गाडीत बसताना, तुम्ही हळूच विचारलंत, "पर्मनंट म्हंजे मंग किती वर्षं?" मी सीटबेल्ट लावत होते. मी म्हटलं, "निवृत्तीपर्यंत." तुम्ही मान हलवलीत आणि घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलात. गाई दिसल्या की नात दाखवायची, तेव्हा तेवढं "हाव, हाव" म्हणत होतात.

आम्ही त्या घरात राहायला गेलो ते तुम्ही परतल्यावर. तुमच्यासाठी मागची खोली ठेवली, ऊन येणारी. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात, गुडघा बरा होऊ दे. मग म्हणालात, दादाच्या पोराची दहावी आहे. मी रागावले, तिकिटं काढते म्हटलं, तर म्हणालात, "कायले पैसे घालवतं? तीन महिन्यानं परत यायचंच हाये." त्यानंतर मी आग्रह केला नाही.

दादाचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते. तुम्ही जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी दादाला म्हटलं, माझ्यासाठी थांबू नका. विमानं बदलत पोचायला मला दीड-दोन दिवस लागणारच होते. वॉर्डातल्या वयस्कर नर्सने माझ्या हातातले कागद काढून घेतले. "गो होम, लव्ह," म्हणाली. मी कोट घातला, बाहेर पडले, आणि कार पार्कमध्ये उभी राहिले. घरी म्हणजे कुठे जायचं हे मला थोडा वेळ खरंच कळेना. अकोल्याला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तुमची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

परत आले तेव्हा शेजारची म्हातारी ब्रेड भाजून घेऊन आली. इथे मृत्यूनंतर लोक घाई करत नाहीत, बसतात, बोलतात. तिने विचारलं, ते कसे होते सांग. मी सांगायला लागले आणि तिथेच पहिल्यांदा रडले, तुमच्या भाषेचा एक शब्द न कळणाऱ्या बाईसमोर. ती म्हणाली, छप्पर गळतं का विचारणारा बाप होता. पुढच्याच वर्षी आम्ही इथले नागरिक झालो. शपथ घेताना लोक टाळ्या वाजवत होते. मी तुमच्या नातीचा हात घट्ट धरून उभी होते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. रविवारी फोनवर तुम्ही विचारायचात, "कसं हाये तिकडं?" आणि मी म्हणायचे, थंडी फार आहे, भाज्यांना चव नाही, बोलायला कुणी नाही. ऐकून तुम्हाला बरं वाटायचं हे मला कळायचं. पण ते पहिल्या वर्षापुरतंच खरं होतं. मला इथे आवडतं, बाबा. सकाळी मी नदीकाठाने दवाखान्यात चालत जाते. कुत्रा फिरवणारी माणसं मला नावाने हाक मारतात, हवेबद्दल दोन शब्द बोलतात, मी पुढे जाते. आणि काही सकाळी त्या अख्ख्या वाटेत मला अकोला आठवत नाही. तुम्हीही नाही.