चुकलेल्यांच्या यादीतलं तुझं नाव

उमापूर,
चैत्र वद्य एकादशी

प्रिय पंडित,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. तुझ्या घरी आता लग्नाची माणसं येत-जात असणार आणि पाकीट कोण फोडेल याचा भरवसा नाही. म्हणून सोमवारी सकाळी मी स्वतः परळीला येऊन ते तुझ्या हातात देईन. कामावर जाण्याआधी दर सोमवारी तू वैजनाथाच्या दर्शनाला येतोस, हे दीपमालावहिनींनी सांगितलं. तोंडाने सांगायला गेलो की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मागच्या वर्षी तुझ्याजवळ दोन तास बसलो आणि कापसाच्या बियाण्यावर बोलून परत आलो. कागदावर तसं पळता येत नाही.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. दर महिन्याला औषध केंद्रातून आमच्या संस्थेकडे एक यादी येते. ठरल्या तारखेला जे गोळ्या न्यायला आले नाहीत, त्यांची नावं तिच्यात असतात. आम्ही तिला चुकलेल्यांची यादी म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी तू कार्डावर उमापूरचाच पत्ता राहू दिलास, म्हणून तुझं नाव माझ्याकडे आलं. आधी वाटलं, दुसरा कुणी पंडित असेल. मग नंबर पाहिला. अकरा वर्षांत तुझी एक तारीख चुकली नव्हती रे. नव्या पेशंटला धीर देताना मी तुझंच उदाहरण देत आलो, नाव न घेता. एक ड्रायव्हर आहे, म्हणायचो, वीजकेंद्रातल्या राखेची गाडी चालवतो, एचआयव्ही असून लोखंडासारखा आहे. आता तीन महिने झाले, तू गोळी घेतलेली नाहीस.

मी फोन केला, तर तू म्हणालास, ‘राँग नंबर हाय बे.’ अरे, राँग नंबरवाल्याला कुणी बे म्हणतं का? मला हसू आलं. तू फोन ठेवलास. मग वहिनींना लावला. त्यांनी सगळं सांगितलं. आरोहीची सोयरीक ठरली, मुलगा चांगला आहे, रविराज नाव आहे, सगळं मनासारखं झालं. आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी मुलाचा मामा तुझ्यासमोर उभा राहिला. त्याची साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची रांग, तुझी शेजारची. ‘पाव्हणं, इकडं कुणीकडं?’ तू म्हणालास, ‘खोकल्याचं औषध घ्यायला आलतो.’ आणि बाटली न घेताच रांगेतून निघून आलास. घरी होत्या त्या बाटल्यासुद्धा ठेवल्या नाहीस. ‘भावजी, राखंच्या ढिगात नेऊन टाकल्या ओ त्यांनी,’ वहिनी सांगत होत्या. ‘म्हणले, लेकीचं लगीन होऊन जाऊंदी, मग बघू. आता खरंच खोकला लागलाय. रोज दिवस मावळताना अंग तापतंय. पँट दोरीनं बांधतेत.’

पंडित, लग्न होईपर्यंत थांबू, असं त्या विषाणूला कुणी सांगायचं? तू नेमाने गोळी घेत होतास तेव्हा तुझ्या रक्तात तो इतका कमी झाला होता की यंत्रालाही सापडत नव्हता. वहिनींची तपासणी दरवेळी स्वच्छ आली. आरोहीचीही तेव्हा केली होती, तिलाही काही नाही. तू कुणाला काही देण्यासारखा उरलाच नव्हतास. आता गोळी बंद केल्यावर तो पुन्हा वाढतो, आणि हा खोकला क्षयाचाही असू शकतो. मी डॉक्टर नाही. पण ही सुरुवात मी पाहिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्याच भागातला एक ऊसतोड्या टोळीत कुणाला कळू नये म्हणून गोळ्या घरी ठेवून कारखान्यावर गेला. संक्रांतीला त्याला उचलून आणलं. त्याच्या लेकीचं लग्न त्याच्या भावाने लावलं. जास्त लिहीत नाही.

तेव्हापासून मी टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, ज्याची-त्याची औषधं पोचवतो. बाटलीत वरून कापूस घालून देतो. ट्रॉलीत बोचक्यांवर माणसं बसतात, खड्ड्यात गाडी आदळली की गोळ्या वाजतात आणि शेजारीण विचारते, कशाच्या गं? हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, एका ऊस तोडणाऱ्या बाईने शिकवलं. मी कुणाच्या घरी गेलो तर बियाण्याच्या कंपनीची पिशवी घेऊन जातो. सायकल दोन गल्ल्या अलीकडे लावतो. कुणी विचारलं तर बैल विकायचा आहे का बघायला आलो, असं सांगतो. आमच्या घरची साखराबाई म्हणते, ‘माळ घातल्याली हाय गळ्यात, आन् दिवसभर खोटं बोलताव.’ मी म्हणतो, त्याचा हिशेब देव माझ्याकडून घेईल. या कामाच्या पहिल्या वर्षी ती माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती, आठवतं? मी पारावर बसून गावातल्या बाप्यांना निरोधाची पाकिटं वाटली होती. तू मागून ओरडलास, ‘बुवा, ह्ये प्रसाद म्हणून खायाचं का कपाळाला लावायचं बे?’ सगळा पार हसला. पण त्या हसण्यामुळेच लोकांनी पाकिटं उचलली. नाहीतर कुणी हात पुढे केला नसता.

तू नेहमीच असं केलंस. मी अडकलो की तू पुढे झालास. तिसरीत होतो तेव्हा शाळेत लस टोचणारे आले. सुई बघून मी मागच्या खिडकीतून पळालो आणि उसात लपलो. माझं नाव पुकारलं तर तू ‘हजर’ म्हणालास आणि दुसरा दंड पुढे केलास. दोन्ही दंड सुजून चार दिवस तुला भाकर मोडता येईना. तुझी आई विचारत होती आणि तू पडलो म्हणून सांगत होतास. त्याची आठवण ठेवूनच, तुला गेवराईला तपासणीला नेलं तेव्हा मी आधी माझा हात पुढे केला. सुईची भीती अजून गेलेली नव्हती. तू म्हणालास, ‘तू कावून देतो रक्त?’ मी म्हणालो, तुझी एक सुई माझ्याकडे राहिली आहे.

निकाल आला त्या दिवशी बस सोडून आपण चालत निघालो. ट्रकवर असताना काय झालं, कुठे झालं, ते तू सांगितलंस. मी काही विचारलं नव्हतं. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही आणि मला बोलायचंही नाही. तू म्हणालास, दीपमालेला मी सांगेन आणि आश्रुबादादाला सांगेन, थोरला भाऊ आहे, तिसऱ्या कुणाला नाही. पंधरा दिवसांत तुला ताप भरला. बीडच्या दवाखान्यात वीस दिवस काढून तू परत आलास तेव्हा गाव बदललं होतं. न्हाव्याने तुला पाहून दुकानाचं दार ओढून घेतलं. वहिनी हापशावर गेल्या की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. आरोही शाळेतून रडत आली. आणि तू दादाच्या अंगणात जाऊन उभा राहिलास. ‘तुला एकट्याला सांगितलं व्हतं. थोरला भाऊ म्हणून सांगितलं व्हतं. गावभर केलंस!’ दादा म्हशीची धार काढत होता. तो धार काढतच राहिला. तू म्हणालास, ‘आजपासून तू मला मेलास.’ मी तुझी पिशवी धरून तिथेच उभा होतो. दुसऱ्या दिवशी तू बायको-लेकीला घेऊन परळीला गेलास. आई वारली तेव्हा आलास तो नदीवरून परत गेलास, दादाच्या अंगणात पाय ठेवला नाहीस. आणि आता लेकीच्या लग्नात त्याचं नाव पत्रिकेत नको म्हणालास. वहिनींनी हेही सांगितलं.

पंडित, दादाने कुणालाही सांगितलं नव्हतं.

तुला बीडला हलवायचं ठरलं त्या सकाळी एसटीचा संप होता. मी संस्थेत फोन करून जीप मागवली आणि ती मिळाली याचा मला केवढा अभिमान वाटला. मी नवा होतो. पेशंटचं नाव कुणाला सांगायचं नाही, हे शंभर वेळा घोकलं होतं, आणि मी सांगितलंही नाही. मी फक्त ती जीप तुझ्या दारात नेऊन उभी केली. तिच्या दोन्ही दारांवर लाल फीत रंगवलेली होती आणि खाली वीतभर अक्षरांत एड्सचं नाव. वहिनी आत रेशनकार्ड शोधत होत्या. समोर दुकानात ताराबाई बसल्या होत्या. ‘कशाची गाडी हाय ओ?’ त्यांनी विचारलं. ड्रायव्हर काच पुसत होता. तो सरळ बोलला, ‘एड्सची हाय मावशी. पेशंट न्यायला आलोय.’ आणि हनुवटीने तुझं दार दाखवलं. मी तुझ्या उशाशी उभा राहून हे सगळं दारातून पाहिलं, ऐकलं. तरीही मला काही उमगलं नाही, मी तुला लवकर हलवायच्या नादात होतो. घोंगडीत गुंडाळून तुला मागच्या बाजूने गाडीत निजवलं. तू शुद्धीवर नव्हतास. ती गाडी तू कधी पाहिलीच नाहीस.

तू परळीला गेलास त्याच संध्याकाळी मी दादाकडे रानात गेलो. मला रडू आवरेना. तो पाणी धरत होता. खोऱ्याने बारं मोडून पाणी पुढच्या सरीत वळवत, मागे न बघता म्हणाला, ‘मला म्हाईत हाय. ताराबाईनं सांगितलंय.’ मी म्हणालो, उद्याच परळीला जातो आणि पंडितला खरं सांगतो. तेव्हा तो वळला. ‘जायचं न्हाई. माझ्यावर रागावला तर बोलायचा न्हाई, पर जगंल. तुझ्यावर रागावला तर गोळ्या कुणाकडनं घिईल? तूच न्हेऊन देणार ना त्याला? मग तुझ्यावरचा इस्वास राहू दे.’ मी विचारलं, आणि तुमचं काय? ‘भाऊ हाय त्यो माझा. असू दे.’ आणि पुन्हा खोऱ्याने माती ओढायला लागला. मी ऐकलं त्याचं. तुझ्या जिवासाठी गप्प बसलो असं अकरा वर्षं स्वतःला समजावलं, पण देवापुढे हात जोडले की कळायचं, त्यात माझीही सोय होती. मला तुझी दोस्ती राहिली आणि त्याचा भाऊ गेला. महिन्याला एकदा तरी तो रस्त्यात गाठून विचारायचा, ‘तारखा चुकत न्हाईत नव्हं?’ मी नाही म्हणालो की तेवढं ऐकून पुढे जायचा. गेल्या महिन्यात मला नाही म्हणता आलं नाही. तो तिथेच बांधावर बसला.

ज्यासाठी त्याने तुझा राग अंगावर घेतला, त्या गोळ्याच तू सोडल्यास. मग आता हे लपवून कुणाचं भलं होणार? म्हणून लिहिलं. मी हे लिहितो आहे हे त्याला माहीत नाही, कळलं असतं तर त्याने कागद फाडला असता. तुझ्या तारखा चुकल्या आणि तू आजारी आहेस, एवढंच त्याला ठाऊक आहे आणि सोमवारी तो माझ्याबरोबर येतोय. तू हे वाचशील तेव्हा तो देवळाच्या पायऱ्यांखाली उभा असेल, वर यायचं धाडस त्याला होणार नाही. परळीची खिडकी तुला नको, म्हणून केंद्रातल्या मॅडमशी बोलून तुझं कार्ड अंबाजोगाईला हलवलंय. तिथे मामा येत नाही. आज आधी तपासणी होईल, क्षय आहे का बघतील, मग डॉक्टर सांगतील तशा गोळ्या पुन्हा सुरू होतील. लग्नाला अजून पाच आठवडे आहेत, मांडवात तू स्वतःच्या पायावर उभा राहशील. साडेदहाची बस आहे. माझ्यावर जेवढा राग येईल तेवढा येऊ दे. मला पुन्हा कधी फोन उचलला नाहीस तरी चालेल. औषधाच्या तारखा तुला दादा सांगेल, त्या मी त्याला लिहून दिल्यात. मी बसपर्यंत येणार नाही, इथे वरच थांबतो. तू खाली उतर आणि दादाबरोबर जा. काय बोलावं ते सुचलं नाही तर नुसता त्याच्या शेजारी बस. तोही काही बोलणार नाही.

तुझाच,
हरिबा