नव्या मसणातला पहिला माणूस

७ जानेवारी २०२५

नारळ मीच फोडला! फीत पण मीच कापली! तालुक्याच्या पुढाऱ्याचा फोन सकाळपासून बंद. मसणाच्या शेडाचं उद्घाटन म्हणल्यावर कुणाचा हात पुढं येईना. ग्रामसेवक प्रविण भाऊसाहेबांनी नारळ माझ्या हातात दिला आन चार पावलं मागं सरकले. "सरपंच तुमी हाव, तुमीच करा मॅडम." पेढे आणलते, तेबी कुणी घेतले न्हाईत. मी दोन खाल्ले.

चार लोखंडी खांब, वर पत्रा, खाली ओटा, बाजूला पाण्याची टाकी. असं मसण गावात बी न्हाई. आमच्या धनगराच्या वस्तीला हाय! निवडून आले तवा म्हणत व्हते, अंजूच्या नुसत्या सह्या, कारभार नवरा बघंल. अंगद आज शेडाखाली सतरंजी झटकत व्हता. बघा म्हणावं आता.

९ जानेवारी

सासूबाई म्हणाल्या, "सोन्याचं मसण बांधलंस गं, पर मरायला कोण येतंय?" चतुराबाईच्या जिभंला हाड न्हाई हे साऱ्या वस्तीला ठाऊक हाय. मी म्हणलं, आत्याबाई, तुमी बसा निवांत, तुमाला घाई न्हाई.

हसल्या. पर त्यांना ठाऊक हाय मी हे कावून केलं. मामंजींना आमी नदीला नेलतं. धुळाजीसारखा माणूस, जलमभर मेंढरामागं उन्हात फिरला, आन त्याचं सरण वाळूवाल्यांनी केलेल्या खड्ड्यात घसरलं. वरून पाऊस. अंगद कमरंइतक्या पाण्यात उतरून जळती लाकडं हातानं धरत व्हता. अजून त्याच्या पंजावर डाग हायेत. त्या दिवशी मी ठरवलं, आपल्या माणसाला असं परत जाऊ द्यायचं न्हाई.

मंग कायदा वाचला. मेलेल्या माणसाची सोय करणं हे ग्रामपंचायतीचं कामच हाय, कुणाची मेहेरबानी न्हाई! गायरानातली जागा मागितली. वाट शहादेवच्या बांधावरून. त्यानं चर खंदला, बाभळीच्या काट्या टाकल्या. मी गेवराईला खेटे घातले. मामलेदार कोर्टाचा कायदा, कलम पाच. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. तहसीलदारांनी वाट मोकळी करून दिली. शहादेव त्या दिवसापासून माझ्याकडं बघत न्हाई. नको बघू.

२३ जानेवारी

तात्याबा गेले. ऐंशीच्या वर वय, सोन्यासारखं मरण. मी शेड झाडून घेतलं, टाकी भरून घेतली, वाट बघत उभी राहिले. तिरडी माझ्या डोळ्यासमोरून नदीकडं गेली! शेडाकडं एकानं मान वळवली न्हाई!

संध्याकाळी त्यांच्या लेकाला धरला. तो म्हणतो, "ताई, राग नका मानू. नवं मसण उघडलं की ते तोंड उघडून बसतंय. पहिला दिला की मागून त्याच घरचे तीन मागतंय. आमीच कावून पहिलं?"

म्हणजे सगळ्यांना शेड पायजे, पर पहिला माणूस शेजाऱ्याचा पायजे. डोकं फिरलं माझं. जेवले न्हाई.

२७ जानेवारी

अंगद म्हणाला, लोकांचं भ्याव एका दिवसात जात नसतं. मी म्हणलं, तू माझ्या बाजूनं हायेस का भ्यावाच्या? तो मेंढरं घेऊन निघून गेला.

३ फेब्रुवारी

शहादेवनं अर्ज टाकला. प्रविण भाऊसाहेबांनी वाचून दाखवला. महिन्यात एक बी मयत ह्या वाटंनं गेली न्हाई, वस्ती नदीलाच जाते, तवा वाटंची गरज न्हाई, माझा बांध मला परत मिळावा. वीस तारखंला तहसीलदार साहेब जागा बघायला येणार.

खोटं तर काय लिहिलंय त्यानं? तेच झोंबलं. वाट गेली की शेड म्हणजे नुसते चार खांब. आन पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कुणाचा तरी बाप त्या खड्ड्यात.

भाऊसाहेब म्हणाले, "एक जरी नोंद असती ना मॅडम रजिस्टरला..." कुणी मरावं असं का म्हणायचंय आता?

११ फेब्रुवारी

नदीच्या कडंला वेड्या बाभळीत एक माणूस अडकलेला सापडला. मेलेला. इथला न्हाई. पोलीस घेऊन गेले.

१४ फेब्रुवारी

हे सविस्तर लिहिते. नातवंडांनी वाचावं असा दिवस हाय.

सकाळी ठाण्यातले अजिनाथ जमादार कागद घेऊन पंचायतीत आले. त्या माणसाचं कुणी आलं न्हाई. तीन दिवस झाले, डॉक्टरची तपासणी झाली, आता बेवारस म्हणून पंचायतीनं विल्हेवाट लावायची. विल्हेवाट! मला तो शब्दच आवडला न्हाई. म्हणलं, साहेब, माणूस हाय तो.

जमादार म्हणाले, "गायरानात पुरून टाका ताई. बेवारसाला आमी पुरतोच. उद्या वारस निघाला, धर्म येगळा निघाला, तर काढून देता येतंय. जाळलं की मिटलं सगळं."

मी विचारलं, अंगावर काय व्हतं? कमरंला करदोडा, गळ्यात रुद्राक्षाची माळ. मंग काय राहिलं? आपलाच माणूस! कुत्र्यावाणी खड्ड्यात लोटायचा का? आमच्याकडं शेड हाय, आमी माणसासारखा अग्नी देऊ. जमादार डोकं खाजवत म्हणाले, "तसं मंग लेखी द्या." दिलं! पंचायतीच्या कागदावर, शिक्क्यासकट, माझ्या सहीनं.

खोटं कावून लिहू? वीस तारीख डोक्यात व्हतीच.

दुपारी गाडी आली. कापडात गुंडाळलेला. तोंड उघडू नका म्हणाले, पाण्यात राहिलेला. आता मडकं कुणी धरायचं? सगळे गडी लांब लिंबाखाली. अंगद म्हणाला, "बाई कुटं मडकं धरती का?" मी म्हणलं, बेवारसाचा वारस ग्रामपंचायत, आन ग्रामपंचायत म्हणजे मी. सर बाजूला!

खांद्यावर मडकं घेतलं. पाणी पाठीवरून गार गार खाली जात व्हतं. पहिल्या फेऱ्याला मी एकटी. दुसऱ्या फेऱ्याला बघते तर आत्याबाई काठी टेकत येतायत, मामंजींचं घोंगडं घेऊन. पेटीतलं. कुणाला हात लावू देत न्हाईत ते! सरणावर अंथरलं आन मागं वळून गड्यांवर वराडल्या, "परक्याला खांदा द्यायला बी भेता का बे? त्याच्या घरचे तीन मेले तरी ते तुमच्या वस्तीत न्हाईत!"

मंग आले. एक एक करत सगळे आले. तात्याबाचा लेक बी लाकूड घेऊन आला. मी अग्नी दिला.

घरी आले, अंघोळ केली. अंगदनं स्वतः पाणी तापवून दिलं. तांब्या देताना त्याचा तो डाग असलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मला रडू आलं. आनंदाचं व्हतं.

१५ फेब्रुवारी

पेपरात आलं! फोटोसकट! "महिला सरपंचाने दिला बेवारसाला अग्नी." माहेराहून बहिणीचा, करिष्माचा फोन आला. उमापूरच्या बाजारात लोकांनी अंगदला थांबवून विचारलं, तुमचीच का मंडळी? म्हणाला, माझीच. बाजारातून येताना भेळ आणली.

१६ फेब्रुवारी

सावडलं. राख गोदावरीत सोडली. रजिस्टरला पहिली नोंद केली. नाव: अनोळखी पुरुष. अग्नी देणाऱ्याचं नाव: अंजू. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून भाऊसाहेब थांबले. मी म्हणलं, लिहा, सरपंच.

२० फेब्रुवारी

साहेब आले. ओटा काळा झालेला बघितला, रजिस्टर बघितलं. शहादेव म्हणाला, "साहेब, हे वस्तीचं मयत न्हाई, कुणीबी आणून जाळलाय." साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. "मसण वापरात आहे की नाही, एवढंच मला बघायचंय." वाट कायम! तोंडी न्हाई, लेखी आदेश येणार.

जाताना मला म्हणाले, "ताई, चांगलं काम केलंत." शहादेवला ऐकू जाईल असं म्हणाले. मी पदर सावरला आन सरळ त्याच्याच बांधावरून चालत घरी आले. सावकाश.

२६ फेब्रुवारी

सावित्रीबाई वारली, आमच्या वस्तीतली. कुणी नदीचं नाव काढलं न्हाई. तिरडी उठली ती सरळ शेडाकडं वळली. म्हातारीच्या लेकाला कुणीतरी म्हणालं, भ्याव न्हाई आता, पहिला तर गेलाय.

मी जे करायचं म्हणून निघाले व्हते ते केलं! मामंजी, तुमच्यासाठी केलं. आज एवढं समाधान वाटलं की दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१ मार्च

पंधरा ऑगस्टला माझा सत्कार करायचा म्हणतायत. मी म्हणलं, आत्याबाईंचा पण करा. त्या म्हणतात, "मला शाल नको, माझं घोंगडं भरून द्या."

४ मार्च

सकाळी ओट्याला चुना देत व्हते. एक टेम्पो आला. त्यातून एक बाई उतरली, संगं चार गडी, दोन फावडी, एक नवीकोरी भगवी छाटी. नाव छबुबाई. नवरा ऊसतोडीच्या टोळीतून निघाला ते घरी आलाच न्हाई, म्हणून महिनाभर हुडकत व्हती. दुसऱ्या ठाण्यात तिला फोनवर माळंचा फोटो दाखवला. माळंतला एक मणी तुटला व्हता, तिनंच दोऱ्यानं बांधून दिलता, त्यावरून वळखली. तितं म्हणाले, बेवारस पुरत्यात, त्या पंचायतीला विचारा.

माझ्या पायाला हात लावला तिनं. म्हणाली, "लई उपकार झाले ताई. आमी गोसावी. आमच्यात जाळत न्हाईत, बसवून समाधी देत्यात. घरी खड्डा खंदून ठिवलाय, सासऱ्याच्या शेजारी. कुटं पुरलंय त्यांना, तेवढं दावा."

माझ्या हाताला अजून चुना व्हता.