काट्यानं खाल्लेलं चीजस्टेक

दक्षिण फिलाडेल्फिया,
मंगळवार

ती. एर्सिलियाताईस धाकट्या ऑलिंपियाचा नमस्कार.

हे पत्र लिहायला तुझ्या दोन्ही मुलांनी मला भाग पाडलं आहे. रविवारी ते फोनवर माझी तक्रार करणार आहेत; त्याआधी खरं काय घडलं ते माझ्या अक्षरात तुझ्यापुढं असावं. उद्या तुझी नात लॉरेट्टा फ्लोरिडाला तुझ्याकडे येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. गुडघा कसा आहे? (औषध वेळेवर घेतेस का, हे विचारत नाही, उत्तर मला ठाऊक आहे.) माझी प्रकृती शनिवारपर्यंत उत्तम होती.

तू कळवलंस की पंचाहत्तराव्या वाढदिवसाला येईन, पण ज्याचं चीजस्टेक चांगलं त्याच्याच दुकानात जेवेन, आणि कुणाचं चांगलं ते ऑलिंपियानं ठरवावं. थोरली आहेस म्हणून सौम्य शब्दांत लिहिते: हा मूर्खपणा होता. भावोजी गेल्यापासून गाएतानो आणि सिल्व्हियो समोरासमोर दुकानं थाटून बसले आहेत, मध्ये जेमतेम एक रस्ता, आणि बोलणं एका शब्दाचं नाही. पहाटे दोघं एकाच बेकरीतून पाव उचलतात, तेही एकमेकांकडे पाठ करून. थोरला म्हणतो, लांब पावात मांसाचे काप अख्खे ठेवून वर प्रोव्होलोन चीजचा काप घालायचा, बाबांची पद्धत तीच. धाकटा म्हणतो, तव्यावरच बारीक तोडून वर पिवळं पातळ चीज ओतायचं, बाबांची पद्धत तीच. (भावोजींची पद्धत मला चांगली आठवते. खांदा दुखत नसेल त्या दिवशी ते तोडायचे.) मी एकाचं नाव घेतलं असतं तर दुसरा वाढदिवसाला फिरकला नसता. तरी शनिवारी गेले, कारण या भागात निःपक्षपाती माणूस दुसरा उरलेला नाही. फादरसुद्धा गाएतानोच्या बाजूचे आहेत, आणि ते त्यांच्या प्रवचनातून कळतं.

आधी गाएतानोच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले. किती, कुठलं चीज, कांदा हवा की नको, हे एका दमात सांगायचं, एवढं मलाही माहीत आहे. पण मी जन्मभर बीजगणित शिकवलं. अर्धवट वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मी त्याला सुप्रभात म्हटलं, पाव कालचा तर नाही ना, हे विचारलं आणि कांद्याबद्दल माझं मत सांगू लागले. तुझ्या मुलानं, ज्याचे लंगोट मी धुतले आहेत, मान खाली घालून सांगितलं, "मावशी, रांगेच्या शेवटी जा. नियम आहे." मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आम्हाला फळ्यापाशी उभं करायचात, आठवतं ना?" माझाच विद्यार्थी. आवाजावरून ओळखला. तेव्हाही काठावर पास झाला होता.

पुन्हा रांग धरून त्याचं चीजस्टेक मिळवलं; सिल्व्हियोच्या खिडकीशी मात्र ही तोंडी परीक्षा पहिल्याच फेरीत नीट दिली. मग दोन्ही दुकानांच्या भिंतीलगतच्या फळीवर आळीपाळीनं मी पिशवीतून बशी, काटा, सुरी आणि इस्त्रीचा रुमाल काढला. पाव उघडला, मांस बाजूला केलं, चीज खरवडून कडेला ठेवलं आणि प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र चव घेतली. (पावाचे गुण धरले नाहीत, बेकरी एकच.) कपड्यांवर चीज गळू नये म्हणून सगळे पाय मागं घेऊन, कोपर फळीवर टेकून, मान पुढं काढून हातानं खात होते. मी ताठ उभी राहिले. मी कुणापुढं वाकत नाही. रांगेतलं बोलणं थांबलं होतं. मला वाटलं, आदर असावा.

आज सकाळी घंटा वाजली. दार उघडते तर दोघं, एकाच पायरीवर.

"मावशी, तू काट्यानं खाल्लंस?" गाएतानो म्हणाला.

"माझ्याकडेही काट्यानंच," सिल्व्हियो म्हणाला, पण मला नाही, भावाला.

"पाव उघडून?"

"पाव उघडून. चीज खरवडून."

"तुझ्याकडे कुणी पाहिलं?"

"अख्ख्या रांगेनं. तुझ्याकडे?"

"फादरनी."

"मग संपलंच रे दादा," सिल्व्हियो म्हणाला आणि त्यानं थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला, मयताच्या घरी ठेवतात तसा.

मी दारातच उभी होते; दोघं मला विसरले होते. नंतर आत आले, माझी कॉफी प्याले आणि काट्यानं खाल्लेलं चीजस्टेक खाल्लं असं धरतच नाहीत म्हणून निकाल एकमतानं रद्द केला. (निकाल काय होता, हे अजून कुणी विचारलेलं नाही.) मग मला ओट्यापाशी उभं करून वाकायला शिकवलं. एकानं डावा खांदा धरला, दुसऱ्यानं उजवा. "बाबा म्हणायचे, पावापुढं वाकायला," असं एकानं सुरू केलं आणि "लाज कसली," असं दुसऱ्यानं संपवलं. त्यावर दोघंही खिडकीबाहेर बघू लागले, आणि मी उगाच नळ सोडला.

आता तुझ्या वाढदिवसाला रस्ता बंद ठेवायची परवानगी काढताहेत. टेबल मधोमध, दोन्ही तव्यांपासून सारख्या अंतरावर. मी टेपनं मोजणार आहे.

तुझी,
ऑलिंपिया

ता. क. तुझा रेशमी स्कार्फ परत पाठवते. डाग चीजचा आहे. कुणाच्या चीजचा, ते सांगणार नाही.

ता. क. दुसरा. शनिवारी परत येताना कोपऱ्यावर कडू पाल्याची भाजी घातलेलं डुकराच्या मांसाचं सँडविच खाल्लं. दोघांपेक्षा फार सरस. हा कागद एवढा फाडून टाक.

ता. क. तिसरा. माझा काटा आणि सुरी तुझ्या मुलांनी जप्त करून तुझ्याकडे धाडली आहेत. ती आपल्या आईच्या सहाच्या संचातली आहेत, आणि संच अपुरा मला चालत नाही. टपालानं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, आणि लवकर ये.

लॉरेट्टाच्या हाती सुपूर्द: पत्र, एक. स्कार्फ, एक, डागासह. काटा एक, सुरी एक, बेकरीच्या पावाच्या कागदात गुंडाळून, वर दोरा. गाठ गाएतानोनं मारली. गाठीवर बोट सिल्व्हियोनं धरलं.