नाव दिसणार नाही

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस की शाळेत नवीन काय, आणि मी काही नाही म्हणून मोकळी झाले. खरं तर सांगण्यासारखं इतकं होतं की घाईघाईत सांगून त्याची मजा गेली असती. म्हणून हे पत्र.

आमच्या ग्रंथालयाला मोठा पडदा आणि चौदा टॅबलेट मिळाले. तू म्हणणार, हिला घरातल्या मिक्सरचं बटण सापडत नाही, ही काय चालवणार! पण चालवते. आमच्या कॉम्प्युटरच्या बाई वयानं माझ्या निम्म्या आहेत, पण शिकवताना एकदाही त्यांनी उसासा टाकला नाही. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर थांबून मला सगळं शिकवलं. स्वतः अजून कायम झालेल्या नाहीत, दर वर्षी नेमणुकीच्या पत्राची वाट बघतात, तरी.

त्यातला ऑनलाइन फळा मला फार आवडला. मुलांनी आपला हजेरी क्रमांक दाबायचा, टॅबलेटवर चिठ्ठी लिहायची, की ती पडद्यावर टपकन उमटते. लिहायचा कंटाळा असेल तर माइकचं बटण दाबून बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. मी पहिल्याच दिवशी विषय दिला: पुस्तकांबद्दल कुणाला न सांगितलेली गोष्ट. आणि खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, वाचूनही दाखवलं, नाव दिसणार नाही. काय एकेक चिठ्ठ्या आल्या म्हणून सांगू! एकानं लिहिलं की मी शेवटचं पान आधी वाचतो. एकीनं लिहिलं की पुस्तकबाई चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. (पुस्तकबाई म्हणजे मीच.) वर्षभर तोंड न उघडणारी मुलं घडाघडा बोलायला लागली.

एक चिठ्ठी मात्र मनातून जात नाही. सातवीच्या तासाला आली. ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, एका दमात बोललेली: मला वाचता येत नाही मी पुस्तक घरी नेते आणि तसंच परत आणते कुणाला माहीत नाही.

सातवी, ताई! कोण असेल? नावं मागे एका कुलपाच्या चित्राखाली असतात, ते फक्त मला उघडता येतं. पण पडद्याची वायर काढल्याशिवाय ते उघडायचं नाही असं कॉम्प्युटरच्या बाईंनी तीनदा बजावलंय. मी काही उघडलेलं नाही. फक्त विचार करते.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याचं काय झालं ते कळव, आणि मला वेंधळी म्हणायचा हक्क तुझ्याकडेच राहू दे.

तुझी,
धाकटी

१७ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझ्या भावोजींना चष्म्याची चिठ्ठी वाचून दाखवली तर ते चहा सांडेपर्यंत हसले. गुडघा आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात जिने चढू नका, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. आता मी दिवसातून एकदाच उतरते आणि सगळी कामं त्या एका फेरीत उरकते, भांडणंसुद्धा.

तू ते यंत्र शिकलीस याचं मला खरंच कौतुक वाटतं. चिडवते, पण वाटतं.

त्या मुलीबद्दल मात्र एक सांगते. (मुलगीच ना? नेते, आणते असं लिहिलंयस.) तिचं नाव शोधू नकोस. तीस वर्षं वॉर्डात काढली मी. पेशंट कुजबुजत काही सांगतो तेव्हा त्यानं ते सांगितलेलं असतं एवढंच धरून चालायचं, खाटेवरचा पत्ता वाचायला जायचं नाही. तिला जे हवंय ते सगळ्या वर्गालाच दे, त्यात तिलाही मिळेल. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तुला माणसांचं भलं करायचं असतं, आणि ते तूच केलंस हेही लोकांना कळायला हवं असतं. राग मानू नकोस.

जेवणाच्या वेळा सांभाळ. पत्राची वाट बघते, उशीर केलास तर मी फोन करून ओरडेन.

तुझी,
ताई

३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. शाळेत गडबड आहे.

ग्रंथालयाचे पडदे बदलले. खिडक्यांचे म्हणते मी. आधीचे पिवळे होते, आता राखाडी आहेत, जरा जाड. दुपारचं ऊन अडतं. शिंप्यानं एक पडदा वीतभर आखूड शिवला, त्यावरून बरंच बोलणं झालं, शेवटी त्यानं खाली पट्टी जोडून दिली. पट्टीचा रंग जुळत नाही, पण कपाटाआड जाते. जुन्या मासिकांच्या बांधणीचं कामही काढलं आहे. खाली बसून सगळे अंक लावले, कंबर धरली.

त्या ऑनलाइन फळ्याचं जरा बिघडलं. गेल्या बुधवारी सातवीच्या तासाला कुलूप आपोआप उघडलं आणि त्या चिठ्ठीशेजारी नाव आलं. सगळ्यांनी बघितलं. खिडकीपाशी बसणारी एक मुलगी होती. तेव्हापासून शाळेत आलेली नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चौकशी लावली आहे. यंत्राची मांडणी कॉम्प्युटरच्या बाईंनी केली होती, म्हणून लेखी खुलासा त्यांच्याकडे मागितला आहे. यंत्र म्हटलं की असं व्हायचंच, नाही का.

तुझ्या गुडघ्याला शेक देतेस ना? खोकल्याची बाटली मी तुमच्याकडे विसरले होते असं वाटतं, की ती भावोजींचीच होती? असो.

घाईत लिहिते आहे, समजून घेशील.

तुझी,
धाकटी

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पडद्यांवर तू इतकं लिहिलंस आणि त्या मुलीवर चार ओळी. पडदे आखूड निघाले म्हणून माणूस पत्राला उशीर करत नाही.

पहिल्या पत्रात तूच लिहिलं होतंस की ते कुलूप फक्त तुला उघडता येतं. मग ते आपोआप कसं उघडलं? मला यंत्रातलं काही कळत नाही, पण तुझ्यातलं कळतं.

लहानपणी बाबांच्या दुकानाची किल्ली हरवली होती, आठवतं? तू ती खेळायला नेली होतीस. कुणी नेली असं आईनं विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, बोलली काहीच नाहीस. आईनं मला दोन दिवस दुकानाबाहेरच्या फळीवर बसवलं, येणारं जाणारं गिऱ्हाईक विचारायचं आणि आई सांगायची, हिनं किल्ली हरवली. मी तेव्हा तुझं नाव घेतलं नाही. मुकाट बसले म्हणून सगळ्यांनी मला केवढी समजूतदार म्हटलं! आज वाटतं, तो समजूतदारपणा नव्हता. मी तुला गप्प राहायची सवय लावली. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून या वेळी मी गप्प राहणार नाही.

त्या कॉम्प्युटरच्या बाईंच्या नेमणुकीचं पत्र कधी यायचं असतं? मला खरं काय ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मी विरघळेन.

रागावले आहे, पण तुझीच,
ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

मायना लिहायला हात धजत नाही.

मी उघडलं. त्या बुधवारी तास संपत आला होता, मुलं टॅबलेट खणात लावत होती. मला वाटलं, आत्ता एक क्षण बघावं. तू लिहिलं होतंस ते खरं आहे. मी मनात सगळं रंगवून ठेवलं होतं. त्या मुलीला बाजूला बसवून शिकवायचं, वर्षाच्या शेवटी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवील, आणि कुणीतरी माझं नाव घेईल. कुणीतरी काय, मोठ्या बाईच. मी भाषणसुद्धा ठरवलं होतं. वायर काढायची आहे हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही.

क्लिक केलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून बघितलं तर पडद्यावर ती चिठ्ठी, आणि तिच्याशेजारी निळ्या अक्षरांत तिचं नाव, आडनावासकट. ती रडली नाही, ताई. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं आपला टॅबलेट खणात ठेवला, चार्जिंगची पिन नीट बसते का ते बघितलं, दप्तर घेतलं आणि गेली. त्या वर्गात पडद्यावरचं ते नाव वाचता न येणारी ती एकटीच असेल असं क्षणभर वाटलं. पण सगळे तिच्याकडे बघत होते, तेवढं तिला पुरलं.

मुलांचा गलका ऐकून मोठ्या बाई आल्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, आपोआप उघडलं. विचार करून नाही म्हटलं. तोंडातून गेलं आणि मग मागे घेता आलं नाही. कॉम्प्युटरच्या बाई दारात होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी राखाडी पडद्याकडे बघितलं. कुणी, किती वाजता उघडलं हे यंत्रात लिहिलेलं असतं, ते त्यांना दिसत होतं. त्यांनी कुणाला दाखवलं नाही. खुलासा मागितला तेव्हा त्यांनी एवढंच लिहून दिलं की मला अजून थोडा वेळ द्यावा.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं की तुम्ही दाखवलं का नाहीत. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्हीच सांगाल. रोज सकाळी वाटायचं, आज सांगाल.

मग मी मोठ्या बाईंकडे गेले आणि सांगितलं. लिहूनही दिलं. त्या बराच वेळ टेबलावरची टाचणी फिरवत बसल्या. माझ्या नोकरीच्या कागदांत नोंद झाली, ऑनलाइन फळा माझ्याकडून काढून घेतला. त्याचं काही नाही. सातवीच्या वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की यंत्र बिघडलं नव्हतं, मी उघडलं, आणि वाचता न येणं ही लाजेची गोष्ट नाही, मी केलं ती आहे. मुलं खाली बघत होती. एकानं हात वर करून विचारलं की मग आमचीही नावं तुम्ही बघितलीत का. मी नाही म्हटलं. ते खरं होतं, पण माझ्यावर विश्वास कुणी का ठेवावा?

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई शिवणकाम करते, दारातच मशीन आहे. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. तिला वाचता येत नाही हे आईला तोवर माहीतच नव्हतं. मुलगी वर्गात ऐकलेलं पाठ म्हणायची, फळ्यावरचं चित्रासारखं उतरवायची. मी माफी मागायला लागले तर आईनं मशीन थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली की बाई, तुम्ही इथं आलात हेही सगळी आळी बघते आहे, आता उद्या मी काय सांगू. मला तेही सुचलं नव्हतं, ताई. माफी मागतानाही मी माझाच विचार करत होते.

किल्ली मी नेली होती. विहिरीत पडली. तुला इतक्या वर्षांत कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

जमलं तर लोभ ठेव. नाही जमलं तर समजेन.

धाकटी

२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून.

किल्ली तूच नेलीस हे तेव्हाच माहीत होतं, विहिरीचं आजच कळलं. आता त्यावर बोलायचं नाही. लोभ जमला तर ठेव असं पुन्हा लिहिलंस तर तिसऱ्या मजल्यावरून उतरून तुझ्याकडे येईन, आणि गुडघ्याचं बिल तू भरशील.

मुलीचं सांग. शाळेत आली का?

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगण्याइतकं काही होईपर्यंत थांबले.

मुलगी शाळेत येते. चोवीस दिवसांनी आली. कॉम्प्युटरच्या बाईंना नेमणुकीचं पत्र मिळालं, एक वर्षाचं. त्या माझ्याशी नीट बोलतात, कामापुरतं. आधी मधल्या सुट्टीत डबा घेऊन ग्रंथालयात यायच्या, आता येत नाहीत. मी बोलावलेलं नाही. बोलवायचं कोणत्या तोंडानं?

मुलीला त्याच शिकवतात. रोज शेवटच्या तासाला कॉम्प्युटरच्या खोलीत. तिथे एक ऑनलाइन पुस्तक आहे. कानाला हेडफोन लावायचा, आवाज वाचत जातो आणि जो शब्द चालू असेल तो पिवळा होतो. अडलं तर शब्दावर बोट ठेवायचं, तो पुन्हा म्हटला जातो, हवं तितक्या वेळा. यंत्राचा आवाज जरा ठोकळेबाज आहे, म्हणून गोष्टी कुणाच्या तरी आवाजात भरून द्यायची सोय आहे. बाईंनी मला विचारलं. त्यांनी विचारलं याचंच मला फार वाटलं, मी हो म्हटलं. आता रोज सकाळी मुलं यायच्या आधी ग्रंथालयाचं दार लावून मी एक गोष्ट वाचून भरते. चुकले तर पुसून पुन्हा वाचते. आतापर्यंत एकोणीस झाल्या.

पुस्तक उघडलं की दोन बटणं येतात, एक यंत्राच्या आवाजाचं, एक माझ्या. काल बाईंना धीर करून विचारलं की ती कोणतं दाबते. त्या म्हणाल्या, यंत्राचं. पहिल्या दिवशी तिनं माझं दाबलं होतं. दोन शब्द ऐकले आणि हेडफोन काढून ठेवला. तेव्हापासून यंत्राचंच. त्या आवाजात तिनं आता आठ गोष्टी पुऱ्या केल्या आहेत, शेवटच्या दोन हेडफोन न लावता.

मी बरं म्हटलं. तास सुटल्यावर ती ग्रंथालयावरून जाते, दाराकडे बघत नाही. मीही मान वर करत नाही, तिला अवघड वाटायला नको म्हणून.

तू म्हणशील मग कशाला वाचत बसतेस. पाचवीतली काही मुलं ऐकतात, बाई सांगत होत्या. आणि तशीही वाचतेच. उद्याची विसावी जरा लांबलचक आहे, आज घरी एकदा म्हणून बघणार आहे.

भावोजींना नमस्कार. गुडघा जपून. तुझ्या पत्राचा मला फार आधार झाला हे तोंडावर सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. लोभ ठेव, जमलं तर असं नाही म्हणत, ठेवच.

तुझी,
धाकटी